गायत्याचा मान, सरपंचाची सही आणि गावाचं पासबुक

दक्षिण गडचिरोलीतल्या एका गट ग्रामपंचायतीच्या सरपंच ताईंनी प्रश्न विचारलाय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "निवडून येऊन दीड वर्ष झालं. गाव माडिया आदिवासींचं. आमचा गायता (गाव बसवणाऱ्या कुळाचा प्रमुख) म्हणतो, गावाचा शब्द त्याच्या घराण्याचा. मी दुसऱ्या कुळातून सून म्हणून आलेली, मला इथल्या मातीवर बोलायचा हक्क नाही. तेंदूपत्त्याच्या पैशाचं खातं त्याच्या पुतण्याच्या सहीने चालतं, हिशोब कुणालाच माहीत नाही. मी रस्त्यासाठी मुरूम काढायचा ठराव दिला, तर त्याने काम बंद पाडलं. पंचायत समितीतले साहेब म्हणतात, कायद्याने सही तुमचीच चालते, त्याला विचारायची गरज काय? मग ग्रामसभेत चालायचं कुणाचं, त्याचं की माझं?"

ताई, उत्तर आधी सांगतो. ग्रामसभेत ना त्याचं चालायचं, ना तुमचं. मुरमाच्या बाबतीत तो बरोबर होता आणि पैशाच्या बाबतीत तुम्ही बरोबर आहात. या दोन गोष्टी एकाच भांडणात मिसळल्या गेल्यामुळे गुंता झालाय.

मी वीसेक वर्षं धानोरा, एटापल्ली, भामरागड या भागांत ग्रामसभांबरोबर काम करतो. असा प्रश्न दर वर्षी कुठल्या ना कुठल्या गावातून येतो. बहुतेक वेळा विचारणारा एका बाजूचा असतो आणि दुसऱ्याला गप्प कसं करायचं हे त्याला हवं असतं. तुम्ही कुणाचं चालायचं असं विचारलंत, गायत्याला गप्प कसं करू असं विचारलं नाहीत. म्हणून सविस्तर लिहितोय.

गायता हा गावचा राजा नव्हे. ज्या कुळाने पहिल्यांदा रान तोडलं, तिथल्या देवाशी बोलणं केलं आणि गाव बसवलं, त्या कुळाकडे ते बोलणं चालू ठेवायची जबाबदारी असते. कुठे त्याला गायता म्हणतात, कुठे भूमिया. कुठे पूजेचं काम पेरमाकडे वेगळं असतं, कुठे एकाच घरात दोन्ही. कामांची वाटणी गावागणिक बदलते, म्हणून शेजारच्या गावाचा दाखला देऊन तुमच्या गावातला वाद मिटणार नाही.

एका गावात बियांचं पंडुम, म्हणजे पेरणीआधीचा सण, मी जवळून पाहिलं. सकाळी प्रत्येक घरातून पानाच्या दोन्यात मूठभर बी आलं. धान, कोसरी, कुठे मक्याचे चार दाणे. गायत्याने सगळं एकत्र केलं, मोहाच्या दारूचे थेंब जमिनीवर सोडले, पूर्वजांची नावं घेतली आणि मिसळलेलं बी परत घराघरात वाटलं. ज्या घराशी त्याचं महिनाभर बोलणं नव्हतं, त्या घराचा दोनाही त्याने स्वतःच्या हाताने भरला. त्यानंतरच गावात पेरणी झाली. एखाद्या घराचा दोना तिथे आला नसता, तर सगळं गाव थांबलं असतं. गायत्याची सत्ता आहे ती ही. सगळ्यांना सोबत घेतल्याशिवाय तिचा उपयोगच होत नाही. बँकेच्या खात्यावर एकट्याने सही करायची परवानगी त्यातून मिळत नाही.

तो सून म्हणून तुम्हाला बोलला, त्याबद्दलही स्पष्ट सांगतो. देवाच्या ठाण्यावर कुणी बसायचं हे त्याचं कूळ ठरवेल, त्यात तुम्ही पडू नका. पण ग्रामसभा ही कुळांची सभा नाही. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस तिचा सभासद आहे; सून असो, लेक असो, नाहीतर परधान किंवा दुसऱ्या जमातीच्या घरातला असो. ‘मातीवर बोलायचा हक्क’ आणि ‘गावच्या कारभारावर बोलायचा हक्क’ हे वेगळे आहेत. हे त्याच्यासमोर शांतपणे, माडियातच सांगा. बायकांना परंपरेच्या पदांपासून जवळपास सगळीकडे दूर ठेवलं गेलंय, हे मान्य करायला आपण कचरू नये. तुम्ही आज खुर्चीवर आहात त्याचं एक कारण पंचायतीतलं आरक्षण आहे, आणि ते चांगलं झालं. ते नसतं, तर मी काम करतो त्यांपैकी निम्म्या गावांत बाईचा आवाज गोटुलाबाहेरच, म्हणजे गावाच्या बैठकीच्या जागेबाहेरच, राहिला असता.

आता दुसरी बाजू. ‘परंपरा’ म्हणून पुढे केलेली प्रत्येक गोष्ट परंपरेची असतेच असं नाही. आपल्या भागात जमीनदाऱ्या होत्या, १९५१ मध्ये त्या गेल्या. त्या काळात आणि इंग्रज अमलात वसुलीसाठी, वेठीसाठी, गावातून माणसं पुरवण्यासाठी पाटील लागायचा, आणि सोयीचा माणूस पाटील व्हायचा. कुठे तो गायत्याच्याच घरचा असे, कुठे भलत्याच घरचा. पुढे १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचं वंशपरंपरागत पद गेलं आणि १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील सरकारी नेमणुकीचा झाला. तरी घराण्याच्या डोक्यातून पाटीलकी गेली नाही. तुमच्या गायत्याचं घर ‘गावाचा शब्द आमचा’ म्हणतं, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना विचारा, हा अधिकार पहिलं रान तोडणाऱ्याचा की जमीनदाराचा धान मोजणाऱ्याचा. मी दोन गावांत हे विचारलं. एका ठिकाणी उत्तर ऐकून स्वतः गायताच म्हणाला, "पैशाचं काम आमच्या आजोबाकडे नव्हतंच."

आणि सरपंचपद? तेही गावातून उगवलेलं नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने सहा-सात पाडे-टोले एकत्र बांधून गट ग्रामपंचायत केली. तिची कचेरी एका गावात आणि उरलेली गावं दहा-पंधरा किलोमीटर जंगलात. सरपंच बहुधा मोठ्या गावाचा. लहान गावाला त्याचा चेहरा वर्षातून दोनदा दिसायचा. त्या गावांनी आपला गायता धरून ठेवला तो काही हट्टाने नाही. रोजचं भांडण मिटवायला, सरणासाठी लाकूड तोडायची परवानगी द्यायला, हरवलेलं ढोर शोधायला माणूस जवळचा लागतो. त्यात आपल्या जिल्ह्यात दोन्ही पदांवरची माणसं बंदुकीच्या धाकात राहिली. सरपंचांनी जिवाच्या भीतीने राजीनामे दिले, पाटील मारले गेले. गाव कुणाच्या मागे उभं राहतं हे ठरायला वर्षं लागतात, आणि ती वर्षं आपल्याकडे भीतीत गेली.

हे दुखणं ओळखूनच आदिवासी भागांतल्या पंचायतींसाठी १९९६ चा पेसा कायदा आला. त्याने ‘गाव’ कशाला म्हणायचं हेच बदललं. आपल्या रूढी-परंपरेप्रमाणे स्वतःचा कारभार पाहणारी वस्ती, पाडा किंवा पाड्यांचा समूह म्हणजे गाव, आणि त्या गावाची स्वतःची ग्रामसभा. आपल्या परंपरा, ओळख, सामूहिक साधनसंपत्ती आणि तंटे सोडवायची पारंपरिक पद्धत जपायला ही ग्रामसभा सक्षम आहे, असं कलम ४ सांगतं. महाराष्ट्राचे नियम यायला २०१४ उजाडलं. पण नीट वाचा, ताई: कायद्याने परंपरा जपायचं काम गायत्याला दिलेलं नाही आणि सरपंचालाही नाही. ते ग्रामसभेला दिलंय. साहेब तुम्हाला ‘सही तुमचीच’ म्हणतात तेव्हा ते गट ग्रामपंचायतीची चौकट सांगतात. मुरूम हे गौण खनिज. त्याचा विषय पाड्याच्या ग्रामसभेत मांडायला हवा होता, पंचायतीच्या मासिक सभेत उरकायला नको होता. गायत्याने काम थांबवलं त्याची पद्धत चुकली असेल, पण ज्या टेकाडावरून मुरूम निघणार होता ते कसलं टेकाड आहे, हे गावाला विचारायचं राहून गेलं होतं.

इथे एक सावधगिरी. काही जण म्हणतात, मग गायत्यालाच ग्रामसभेचा कायमचा अध्यक्ष करा, वाद मिटेल. झारखंडने जवळपास हेच केलंय. तिथल्या २००१ च्या पंचायत कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेचं अध्यक्षपद मुखियाकडे, म्हणजे तिथल्या सरपंचाकडे, नसतं. ते मांझी, मुंडा, पाहन अशा पारंपरिक प्रमुखाकडे असतं, किंवा त्याने अथवा सभेने सुचवलेल्या माणसाकडे. तिथल्या कोल्हान भागात तर इंग्रज अमलातल्या विल्किन्सन नियमांपासून मुंडा-मानकी या पारंपरिक प्रमुखांना सरकारी मान्यता आहे. ऐकायला हे छान वाटतं. पण सरकारने मान्यता दिली की सरकार मानधन देतं, मानधन दिलं की कागद मागतं, आणि हळूहळू गावाचा माणूस कचेरीचा माणूस होतो. तंटा गावाचा असतो, प्रमुख मात्र वर बघून बोलायला लागतो.

मेघालयात तर याहून पुढचं घडलं. मिल्लिएमचे सिएम, म्हणजे खासी प्रमुख, जॉर्मानिक यांना तिथल्या स्वायत्त जिल्हा परिषदेने निलंबित केलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६१ मध्ये न्यायालयाने जिल्हा परिषदेची बाजू उचलून धरली. खासी सिएम हे पिढ्यान्‌पिढ्यांचं पद. पण राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीच्या चौकटीत आल्यावर नेमणारा आणि काढणारा हात निवडून आलेल्या परिषदेचा ठरला. म्हणून गायत्याचं नाव ग्रामसभेच्या लेटरहेडवर छापायची घाई करू नका. आज मानाने छापाल, उद्या कुणीतरी ते खोडू शकेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गायता आणि सरपंच भांडतात तेव्हा तिसऱ्याचं फावतं. मला याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण कॅनडातल्या वेट्सुवेटेन लोकांचं वाटतं. ब्रिटिश कोलंबियातल्या या समाजात पाच कुळं आणि तेरा घराणी आहेत. घराण्याच्या प्रमुखाचं नाव आईकडून चालत येतं आणि मोठ्या मेजवानीच्या सोहळ्यात सगळ्यांसमोर दिलं जातं. सरकारने १८७६ च्या इंडियन ॲक्टखाली त्यांना राखीव वस्त्यांमध्ये कोंडलं आणि पुढे तिथे निवडून येणाऱ्या बँड कौन्सिल बसवल्या. शिवाय १८८५ ते १९५१ तो मेजवानीचा सोहळाच गुन्हा ठरवला. म्हणजे ज्या जागी प्रमुख ठरायचा, तीच जागा बंद. तरी घराणी टिकली. १९९७ मध्ये डेलगामुक्व खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मूलनिवासींचा जमिनीवरचा हक्क अस्तित्वात आहे असं मानलं, तो खटला बँड कौन्सिलने नव्हे, वंशपरंपरागत प्रमुखांनी लढवला होता.

नंतर कोस्टल गॅसलिंक ही सुमारे ६७० किलोमीटरची गॅसवाहिनी आली. कंपनीने वाटेतल्या वीस निवडलेल्या कौन्सिलांशी करार केले. कौन्सिलांना शाळा, घरं, नोकऱ्या चालवायच्या होत्या, त्यांच्या दृष्टीने करार योग्य होता. पण राखीव वस्तीबाहेरची, सुमारे २२ हजार चौरस किलोमीटरची पूर्वापार जमीन आमची आहे, त्यावर सही करायचा अधिकार कौन्सिलला नाही, असं घराण्यांचे प्रमुख म्हणाले. पोलीस आत शिरले आणि २०२० च्या फेब्रुवारीत कॅनडाभर रेल्वे अडवल्या गेल्या. मग सरकारने प्रमुखांशी समझोता केला, तर त्याच वर्षी निवडलेले प्रतिनिधी चिडले, की आम्हाला वगळून हे कसं केलंत? वाहिनी शेवटी झालीच. लोक मात्र आपसात दुभंगले. कंपनी आणि सरकार यांना जिथे ज्याची सही सोपी पडली, तिथे त्यांनी ती घेतली.

आपल्याकडे असं होत नाही असं समजू नका. तेंदूचा कंत्राटदार गावात येतो तेव्हा आधी गायत्याच्या अंगणात बसतो की तुमच्या, हे बघा. भाव पाडून हवा असेल तर गायत्याला पुढे करतो, कारण त्याला कोणी हिशोब विचारत नाही. ठराव हवा असेल तर तुमच्याकडे येतो, कारण शिक्का तुमच्याकडे आहे. तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नसाल, तर त्याला कधीच नाही म्हणावं लागत नाही. सुरजागड इलाख्यातल्या ग्रामसभा अनेक वर्षं खाणीविरुद्ध ठराव करत आल्या, त्यांची ताकद या एकाच गोष्टीत होती: इलाख्याचे जुने भूमिया आणि शिकलेली पोरं एकाच बैठकीत बसली. डोंगरावर ठाकूरदेवाचं ठाणं आहे हे म्हातारे सांगणार, वनहक्क कायद्याचं कलम पोरं सांगणार. २०१७ च्या जिल्हा परिषद निवडणुकीत ग्रामसभांनी स्वतःचे उमेदवारही दिले आणि सैनू गोटा आणि लालसू नोगोटी निवडून आले. निवडणूक ही परंपरेच्या विरुद्धच असते, हा समज तिथे मोडला.

मीही एकदा मोठी चूक केलीय. सुरुवातीच्या वर्षांत एका गावात वनहक्क समिती निवडताना वाद झाला. मी घाईत हात वर करून मतं घेतली. एकेचाळीस विरुद्ध तीस. मला वाटलं, लोकशाही झाली. गायता आणि त्याच्याकडची तीस माणसं उठून गेली. पुढे दोन वर्षं त्या तीस घरांतलं कुणी जंगल राखायला आलं नाही, वणवा विझवायलाही नाही. दावा मंजूर झाला, पण राखायला जवळपास अर्धं गाव नव्हतं. मेंढा लेखा या आपल्याच जिल्ह्यातल्या गावाने सर्वसहमतीचा आग्रह का धरला, हे मला तेव्हा कळलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सगळ्यांना पाठ आहे, पण त्यामागे वर्षानुवर्षांच्या बैठका होत्या. एकाचंही मन अडलं तर विषय पुढच्या बैठकीला जायचा. वेळ लागतो. तेवढा वेळ द्यावा लागतो.

आता तुमच्या गावासाठी. तेंदूचा हंगाम एप्रिल-मे मध्ये येईल, त्याआधी हे उरका.

पहिलं, गायत्याच्या घरी जा. एकट्या नको, अधिकाऱ्यांना घेऊनही नको. तुमच्या सासरच्या कुळातल्या वडीलधाऱ्याला बरोबर घ्या. मुरमाचा ठराव ग्रामसभेत न आणता केला, ही चूक माझी, असं आधी स्वतः म्हणा. मला माहीत आहे हे जड जाईल. पण ते टेकाड देवाचं आहे का, दफनाचं आहे का, हे त्याच्याकडून ऐकून घ्या आणि त्याच्या शब्दांत ग्रामसभेच्या वहीत लिहून घ्या. त्याच्या ज्ञानाला अशी नोंद मिळाली, की त्याला काम बंद पाडायची गरज उरत नाही.

दुसरं, खात्याचा विषय त्या दिवशी काढू नका, आणि पंडुमच्या दिवशी तर मुळीच नाही. तो ग्रामसभेतच काढायचा, कुणाचंही नाव न घेता. प्रस्ताव असा ठेवा: तेंदू-बांबूचं खातं ग्रामसभेच्या नावे, सह्या तिघांच्या, त्यांत किमान एक बाई, एकाच कुटुंबातले दोघे नकोत, पासबुक सही करणाऱ्यांपैकी कुणाच्याही घरी न ठेवता चौथ्याच घरी. पुतण्याने काढलेल्या पैशाचा हिशोब मागायचाच आहे, पण आधी मागच्या हंगामाची फळीवरची, म्हणजे पानं गोळा होतात त्या जागेवरची, वही आणा. कुणी किती पुडे दिले ते त्यात आहे. सत्तर पानांचा पुडा आणि हजार पुड्यांची गोणी हे प्रत्येक बाईला माहीत असतं. कंत्राटदाराच्या दिवाणजीने दिलेली रक्कम आणि खात्यात आलेली रक्कम शेजारी शेजारी वाचून दाखवा, मराठीत नाही, माडियात. आरोप करायची वेळ येत नाही, बायका स्वतःच बोलायला लागतात. मी हे तीन गावांत पाहिलंय.

तिसरं, तुमच्याकडचाही कागद उघडा. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध (ठरावीक कामाशी न बांधलेला) निधी पंचायतीकडे थेट येतो, त्यातून तुमच्या पाड्याच्या वाट्याला किती आले आणि कशावर गेले, हे त्याच बैठकीत वाचा. गायत्याला हिशोब विचारायचा आणि स्वतःचा झाकून ठेवायचा, हे गाव कधीच मान्य करत नाही.

तंटे मिटवायचं काम गायत्याकडे राहू द्या. शेताचा बांध, गुरांची नासधूस, सोडचिठ्ठीचा वाद त्याच्या गोटुलात तालुक्याच्या कोर्टापेक्षा लवकर आणि स्वस्तात सुटतो. पण मारहाण, अत्याचार, किंवा एखाद्या घराला पंडुममधून, पाण्यावरून तोडणं हे त्याच्या हातात नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा कायदा आहे. हे त्याला तुम्ही सांगू नका, ग्रामसभेतल्या एखाद्या वयस्क बाईला सांगू द्या.

तो तरीही आला नाही तर? एका गावात गायता दारूपायी आणि पैशापायी भलतीकडे गेला होता. गावाने त्याच कुळातल्या दुसऱ्या घरातला माणूस बसवला. ना मतदान झालं, ना तक्रार. बियांच्या पंडुमला लोक आपले दोने दुसऱ्या घरी घेऊन गेले, एवढंच. वंशपरंपरा म्हणजे मुलगाच बसेल असं नसतं, हे गावाला आपोआप कळतं. तो निर्णय मात्र त्यांचा. सरपंच म्हणून तुम्ही त्यात बोट घालू नका.

पहिली बैठक झाली की पासबुक कुणाच्या घरी ठेवायचं ठरलं ते कळवा. आणि फळीची मागच्या वर्षीची वही मिळाली नाही, तर हंगामाची वाट न बघता लगेच सांगा. कंत्राटदाराकडे तिची दुसरी प्रत असते, ती ग्रामसभेच्या पत्रावर मागता येते.